सातव्या ओढ्याची दोनशेपटी

माझ्या बायकोला तिच्या ऑफिसात सगळे बाटलीबाई म्हणायचे. मागून नाही, अगदी तोंडावर, आणि तीही खुशाल ओ द्यायची. नदीखात्याच्या प्रयोगशाळेत तिने एकतीस वर्षं बाटल्या धुतल्या. नदीचं आणि ओढ्यांचं पाणी तपासायला ज्या बाटल्यांतून आणतात त्या आधी साबणाने, मग पातळ आम्लाने, मग तीनदा शुद्ध पाण्याने विसळायच्या, उलट्या टांगून वाळवायच्या आणि झाकणं घट्ट लावून फळीवर ठेवायच्या. आधीच्या पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी पुढचं पाणी खोटं बोलतं, असं तिचं म्हणणं. घरची कपबशीसुद्धा ती त्याच शिस्तीने धुते. आमच्याकडे कपाला चहाचा वास कधी राहिला नाही, आणि कधीकधी तर चहालाही नाही.

मी शिंपी. बायकोला घरात ‘अगं’ म्हणतो आणि चारचौघांत ‘ही’ म्हणतो, तेव्हा इथेही ती ‘ही’ म्हणूनच येईल.

तर चौदा वर्षांपूर्वी ही एक दिवस कामावरून आली ती नाचतच. पन्नाशीकडे झुकलेली बाई, हातात पिशवी, जिना चढताना दम लागतो म्हणून एरवी मधल्या पायरीवर थांबणारी. त्या दिवशी दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली.

“अहो, मशीन थांबवा! दगड चालतोय!”

मी मशीन थांबवलं. तिने पिशवीतून काचेची बरणी काढली आणि एका गिऱ्हाईकाच्या अर्धवट पँटीवर ठेवली. बरणीत नदीचं पाणी, तळाशी थोडी वाळू, आणि त्या वाळूत करंगळीच्या पेराएवढी एक खड्यांची नळी सरपटत निघालेली. नीट बघितलं तर नळीच्या तोंडातून सहा पाय आणि एक चिमुकलं डोकं बाहेर आलेलं. किडा होता तो. अंगाभोवती बारीक खडे चिकटवून घर करतो आणि ते घर ओढत हिंडतो.

“विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना,” मी म्हणालो, “इथे तर खरंच आहे.”

“बिऱ्हाडीण!” ही ओरडली. “हिचं नाव बिऱ्हाडीण!”

झालं असं होतं की प्रयोगशाळेत त्या दिवशी बाहेरच्या एक वयस्क शास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. त्यांनी पांढऱ्या ताटलीत हे किडे मांडून साहेब लोकांना काहीतरी दाखवलं. साहेब लोक जेवायला उठले. बाई ताटली आवरत होत्या आणि ही विसळायला बाटल्या नेत होती, ती तिथेच थांबली. बाईंनी तिला सांगितलं, “बाटलीत पाण्याची त्या क्षणाची तब्येत कळते. या तळातल्या किड्यांना विचारा, ते अख्ख्या वर्षाची हकीकत सांगतात. पाणी चोवीस तास यांच्या अंगावरून जातं.”

हिने ते मनावर घेतलं. आमची ही एखादी गोष्ट मनावर घेते तेव्हा ती माझ्या पाठीवर येते. पहिली जाळी मी बाहेरच्या खोलीच्या पडद्याची शिवली. पडदा नवा होता. मग दर रविवारी सकाळी आम्ही दोघं नदीत. ती वरच्या अंगाला उभी राहून पायाने दगड घोळवायची, मी खाली जाळी धरून उभा. दगडाखालचं जे काही सुटेल ते वाहत जाळीत यायचं. मग काठावर पांढऱ्या ताटलीत पाणी घ्यायचं, रंगाच्या ब्रशने एकेक किडा उचलायचा आणि प्रकार मोजायचे. किडे किती यापेक्षा किती तऱ्हांचे, याला महत्त्व. ही ते वहीत लिहायची, शेजारी चित्र काढायची आणि पाण्याचं तापमान टिपायची.

किड्यांची शास्त्रातली नावं हिच्या जिभेवर काही बसेनात, म्हणून तिने आपली ठेवली. तीन शेपट्यांची ती तिशेपटी. रक्तासारख्या लाल अळ्या त्या तांबड्या. दोन शेपट्यांची ती दोनशेपटी. तांबड्यांना काहीही चालतं, गाळ, घाण, कोमट पाणी. त्या कुठेही संसार थाटतात. बिऱ्हाडीण जरा बघून घेते. आणि दोनशेपटी म्हणजे मुलखाची चोखंदळ. तिला पाणी थंड हवं, स्वच्छ हवं आणि खळाळतंही हवं. तिन्हींतलं एक कमी पडलं की ती दिसत नाही. हिच्या पहिल्या वहीत तिची दोन चित्रं आहेत. नंतरच्या अकरा वर्षांच्या वह्यांत एकही नाही.

कारण नदीचं बघता बघता वाटोळं होत होतं. पूर्वी जो पाऊस दोन महिने रमतगमत पडायचा तो आता आठवडाभरात उरकून जायला लागला. पूर यायचा, गढूळ पाणी तळातले दगड खरवडून न्यायचं, आणि मग उन्हाळ्यात नदीत नुसती डबकी. एकदा भर दुपारी हिने नदीत हात घातला आणि म्हणाली, “अहो, यात तर बाळाला आंघोळ घालावी.” थर्मामीटर एकतीस दाखवत होता. एकोणीस प्रकारांचे किडे मोजले होते तिथे सहा उरले. त्या रविवारी तिने वही मिटली आणि घरी येऊन सगळे कप पुन्हा धुतले.

या वह्या ऑफिसात कोणी वाचत नव्हतं. बाटल्या धुणारीने किडे मोजावेत असा नियम कुठेच लिहिलेला नव्हता. पण तसं करू नये असंही कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून ही मोजत राहिली.

मग दोन वर्षांपूर्वी खात्याने ठरवलं की नुसत्या नदीकडे बघून भागणार नाही. जिथून जिथून पाणी उतरून नदीला मिळतं तो सगळा उतार, म्हणजे अख्खं पाणलोट क्षेत्र, हाती घ्यायचं. नदीला सात ओढे मिळतात. सहा ओढ्यांवर झाडं लावणं, चर खणणं, बांध घालणं वगैरे होणार होतं. सातव्याच्या नावापुढे मात्र एकच शब्द होता: मृत. त्याच्या मुखाशी कपडे धुण्याचा एक मोठा कारखाना आहे. तिथून भरलेली बाटली दर वेळी काळीनिळी यायची. ती विसळताना हिच्या हाताला आठ दिवस साबणाचा वास यायचा. वर त्या ओढ्याला पूर आला की कारखान्यामागच्या गल्लीत पाणी शिरायचं. तेव्हा मोठ्या साहेबांचा बेत असा की सातवा ओढा मुळापासून मुखापर्यंत सिमेंटचा करून टाकायचा, म्हणजे पाणी आलं तसं सरळ निघून जाईल. गुरुवारी चार वाजता बैठक, त्यात शिक्कामोर्तब.

बुधवारी संध्याकाळी ही मला म्हणाली, “मुखाशीच बाटली भरतात हो. वर कोणी गेलंच नाही कधी. एखाद्याचे नुसते पाय बघून मेला म्हणतात का?”

“मग?”

“उद्या सकाळी मी रजा टाकलीय. तुम्हीपण दुकान बंद ठेवा.”

गुरुवारी आम्ही स्कूटर काढली. स्कूटरच्या डिकीत एका वकीलबाईंचा नवा काळा कोट होता. जाता जाता पोचवायचा म्हणून ठेवलेला. थर्मासात चहा, जाळी, ताटली, ब्रश, थर्मामीटर, आणि माझ्या खिशात फोन. कारखान्याच्या मागून आम्ही स्कूटर ढकलत ओढ्याच्या कडेकडेने वर निघालो. पहिला अर्धा कोस बघवत नव्हता: फेस, गाळ आणि तांबड्याच तांबड्या. मग पाणीच संपलं, नुसती कोरडी वाळू. माझे पाय बोलायला लागले. मी म्हणालो, “अगं, मेलाय तो. मान्य कर.”

“वाळू ओली आहे,” ही म्हणाली, आणि चालत राहिली.

पुढे दगडाची एक जुनी सोडलेली खाण लागली. स्कूटर तिथे सावलीत लावली आणि खाणीच्या वर झुडपांत घुसलो. काटे लागले, सदरा फाटला. शिंप्याचा सदरा फाटणं म्हणजे काय ते शिंप्यालाच ठाऊक. आणि मग ही एकदम थांबली. तिने बोट वर केलं. मी कान दिला. खळखळ.

झुडपांच्या आत, दाट सावलीत, खडकाच्या फटीतून पाणी येत होतं. फार नाही, मनगटाएवढी धार. पण ती दगडांवरून उड्या मारत वीस-पंचवीस पावलं वाहत होती आणि मग वाळूत शिरून गडप होत होती. हिने थर्मामीटर बुडवला. अठरा.

“अठरा!” ती म्हणाली. मग कुजबुजून, जणू कोणी ऐकेल, “अहो, अठरा.”

मी जाळी धरली. तिने दोनच दगड घोळवले. जाळी ताटलीत उलटी केली आणि आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून वाकलो. तीन बिऱ्हाडिणी. तिशेपट्या कितीतरी. आणि ताटलीच्या कडेने तिरपी तिरपी पळणारी एक बोटाच्या नखाएवढी, तपकिरी, अंगावर पिवळी नक्षी असलेली, मागे दोन शेपट्या.

हिने दोनदा मोजल्या. एक, दोन. पुन्हा एक, दोन. मग ती नाचली. मी खोटं सांगत नाही. अठ्ठावन्न वर्षांची माझी बायको त्या घोटाभर पाण्यात दोन्ही हात वर करून नाचली. पाय घसरला म्हणून तिने मला धरलं, आणि मी काही खांब नव्हे, शिंपी आहे. दोघंही पाण्यात. पण पडताना तिने ताटली अशी काही वर धरली होती की एक थेंब सांडला नाही. मी मात्र फोनसकट भिजलो. फोनने एकदा उजेड केला आणि डोळे मिटले.

“फोटो?” मी म्हणालो.

“आता कुठला?”

“मग बैठकीत सांगायचं तोंडाने.”

“बाटली धुणारीच्या तोंडाने?” ही म्हणाली. “अहो, तिलाच नेऊ.”

आता दोनशेपटीला न्यायचं म्हणजे सोपं नव्हतं. पाणी तापलं की ती गुदमरते. कोमट पाण्यात प्राणवायू टिकत नाही, आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. चहा आम्ही ओतून दिला. थर्मास हिने झऱ्याच्या पाण्याने विसळला. किती वेळा ते मी मोजलं नाही, पण मला मध्ये एकदा ओरडून सांगावं लागलं की आता पुरे. मग त्यात झऱ्याचं पाणी, शेवाळाचा तुकडा, आणि बसायला म्हणून पाण्याबाहेर डोकं काढणारी एक काडी. ब्रशच्या टोकाने दोनशेपटी आत गेली. हिने तिच्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाली, “पंखांच्या पिशव्या काळ्या पडल्यात हो हिच्या. दिवस भरलेत.” मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

स्कूटर निघाली. हिने मागे बसून थर्मास पोटाशी धरलेला, झाकण सैल. दर दहा मिनिटांनी “थांबा!” म्हणायची. मी थांबायचो. ती दोनशेपटीला तळाशी राहू देऊन वरचं थोडं पाणी पेल्यात काढायची आणि उंचावरून धार धरून परत थर्मासात ओतायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळावी. रस्त्यावरचे लोक बघत होते. एकाने विचारलं, “काकू, चहा गार करताय का?”

“नाही हो, किड्याला श्वास देतेय.”

तो माणूस दोन पावलं मागे सरला.

निम्म्या वाटेत थर्मामीटर चोवीसवर गेला आणि हिचा चेहरा पडला. समोरच मासेवालीची हातगाडी होती, बर्फाचा ढीग घेऊन. मी स्कूटर अशी वळवली की एक सायकलवाला माझ्या सात पिढ्यांपर्यंत पोचला.

“ताई, बर्फ द्या!” ही म्हणाली. “जीव वाचवायचाय.”

“कोणाचा? डोक्याला लागलं का कोणाला?” मासेवालीने हातातला माशाचा कोयता खाली ठेवला.

हिने थर्मासचं झाकण काढून दाखवलं. मासेवालीने आत बघितलं, हिच्याकडे बघितलं, माझ्या ठिबकणाऱ्या पँटीकडे बघितलं आणि गाडीचा दांडा धरून हसायला लागली. “एवढ्याशासाठी? अहो, हा तर माझ्या माशांच्या एका घासालाही पुरायचा नाही!” हसत हसतच तिने दोन ओंजळी बर्फ काढला. “न्या बाई, न्या. आजवर माझा बर्फ मेलेल्यांनाच लागला. आज एका जित्याला लागू दे.”

पण बर्फ ठेवायचा कशात? पिशवी नव्हती. ही माझ्याकडे बघायला लागली, मी डिकीकडे बघायला लागलो, आणि तिने माझी नजर पकडली.

“नाही,” मी म्हणालो. “तो वकीलबाईंचा कोट आहे. उद्या कोर्टात घालायचाय त्यांना.”

“आत अस्तर आहे ना?”

“आहे, पण–”

“मग भिजणार नाही.”

भिजला. थर्मास बर्फात, बर्फ कोटात, कोट हिच्या कुशीत, आणि माझी पंचवीस वर्षांची अब्रू त्या कोटाच्या शिलाईत. (दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी वकीलबाईंना म्हणे विचारलं, आपण बाजारातून थेट आलात का. पण त्या दिलदार. पुढचा कोटही माझ्याकडेच टाकला, फक्त घरी स्वतः न्यायला आल्या.)

चारला दहा मिनिटं कमी असताना आम्ही ऑफिसच्या दारात. दोघंही चिखलाने माखलेले, माशाचा वास सुटलेला. शिपाई हिला रोज बघतो, पण त्या दिवशी त्याने दार अडवलं. “बाटलीबाई, हे काय? आत बैठक आहे. साहेब आहेत.”

“म्हणूनच आले,” ही म्हणाली, आणि त्याच्या काखेखालून आत गेली. मीही गेलो, पण मला त्याचा हात बाजूला सारावा लागला, माझी उंची आडवी आली.

आत लांब टेबल, भिंतीवर सात ओढ्यांचा नकाशा, सातव्यावर लाल फुली. टेबलाच्या टोकाला मोठे साहेब. मोठे साहेब म्हणजे उंचापुरे, अबोल, आणि डोक्यावर एकही केस नाही. इतकं गुळगुळीत की छतावरचा पंखा त्यात फिरताना दिसायचा. शेजारी नव्या इंजिनिअर मॅडम, तिशीतल्या, लॅपटॉप उघडून. आणखी आठ-दहा माणसं.

“काय आहे?” मोठे साहेब म्हणाले.

हिला एकोणतीस वर्षांत त्या खोलीत कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. तिने एवढंच म्हटलं, “साहेब, सातवा ओढा जिवंत आहे. मी त्यातलं एकजण आणलंय.”

तिने काळ्या कोटातून थर्मास काढला, झाकण उघडलं, आत डोकावली आणि तिचा चेहरा पांढरा झाला. मीही डोकावलो. पाण्यातून डोकं काढलेल्या काडीवर दोनशेपटी बसलेली होती, पण पाठीवर उभी चीर, आणि आत पोकळ. नुसतं रिकामं साल.

“मेली,” मी म्हणालो. कुठे गप्प राहावं ते मला कधी कळलेलं नाही.

पण मॅडम उठून जवळ आल्या होत्या. त्यांनी सालाकडे बघितलं आणि एकदम श्वास आत ओढला. “मेली नाही! कात टाकलीय तिने. पंख फुटले तिला! मग ती आहे कुठे?”

“दिवस भरले होते,” ही पुटपुटली, आणि मग जोरात, “अहो, बाळंतीण इथेच आहे कुठेतरी! कोणी हलू नका!”

मोठे साहेबही उत्सुकतेने थर्मासवर वाकले होते. एक हात टेबलावर, दुसऱ्याने थर्मासचा काठ धरलेला. थर्मासला टेकवून ठेवलेल्या झाकणाच्या आतल्या बाजूने एक फिकट, ओलसर, नुकत्याच फुटलेल्या पंखांची दोनशेपटी निघाली, थर्मासच्या काठावरून चालली, आणि साहेबांच्या अंगठ्यावर चढली.

“साहेब, तुमच्या हातावर!”

साहेब गोठले. ती बाहीवर चढली. बाहीवरून खांद्यावर.

“झटकू नका!” ही ओरडली. “पंख ओले आहेत. आत्ता मोडले तर जन्माचे मोडले. कोणीतरी पंखा बंद करा! खिडक्या लावा!”

दोघं पंख्याच्या बटणाकडे धावले आणि एकमेकांवर आपटले. शिपायाने खिडक्या लावल्या. एकजण का कोण जाणे खुर्चीवर चढला.

“आता कुठे आहे?” साहेबांनी ओठ न हलवता विचारलं.

“कॉलरवर.”

“आता?”

“कानामागे, साहेब. तिला फक्त वर चढायचं एवढंच कळतं.”

“चावते?”

“छे हो. या वयात तिला धड खायचंसुद्धा सुचत नाही.”

दोनशेपटी साहेबांच्या टकलाच्या शिखरावर पोचली. तिथून वर जायला जागाच नव्हती, म्हणून ती थांबली आणि पंख वाळवत बसली.

“किती वेळ लागेल?” साहेब.

“वीस मिनिटं,” ही म्हणाली. तिला नेमकं ठाऊक नव्हतं, हे तिने मला नंतर सांगितलं.

वीस मिनिटं मोठे साहेब मान ताठ करून बसून राहिले, डोळे समोरच्या नकाशावर. मॅडम चहूबाजूंनी फोटो काढत होत्या. आणि हिला कळलं की असा श्रोता पुन्हा मिळायचा नाही. ती बोलायला लागली.

“साहेब, ओढा मेला नाही, त्याचा शेवटचा अर्धा कोस मेलाय. वर झरा आहे, अठरा अंश. नदी उन्हाळ्यात एकतीसवर जाते. सातव्याचं पाणी वाळूखालून येतं, म्हणून दिसत नाही, पण उन्हाळ्यात नदीला मिळणारं थंड पाणी तेवढंच आहे. मुखाजवळ नदीत जिथे वाळूतून ते झिरपतं तिथे मासे गोळा होतात, मी दर रविवारी बघते. तुम्ही सिमेंट केलंत तर तेही तोडाल.”

“आणि पूर?” साहेब डोकं न हलवता म्हणाले. प्रश्न खरा होता. “गल्लीत गुडघाभर पाणी येतं. त्या लोकांना मी किडे दाखवू?”

“पाणी का येतं साहेब? वरचा उतार उघडा पडलाय, पाऊस आठवड्यात कोसळतो, तो थांबत नाही कुठे. तुम्ही नाला गुळगुळीत केलात तर तो आणखी जोरात येईल. गुळगुळीत जागेवर काय टिकतं?”

खोलीत कोणीतरी खोकलं. हिच्या लक्षात आलं आपण काय बोललो, आणि ती लाल झाली. आणि मग मोठ्या साहेबांच्या पोटातून एक आवाज आला. ते हसत होते. मान न हलवता, डोकं तोलत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते, आणि मग टेबलाभोवतीचे सगळेच हसायला लागले.

“हळू, साहेब, हळू,” ही म्हणत होती, आणि तीही हसत होती. “वर खाण आहे जुनी. पाणी तिथे थांबवा. उतारावर आडवे चर काढा. झऱ्याची सावली तोडू नका. कारखान्याचं पाणी आधी टाकीत निवू द्या, गाळ बसू द्या, मग सोडा. मी काही इंजिनिअर नाही, पण बारा वर्षांच्या वह्या आहेत माझ्या.”

“बारा वर्षांच्या?” मॅडमनी फोन खाली केला. “तापमानासकट? आम्ही अशीच माहिती शोधतोय, कुठेच नाही. कुठे आहेत त्या?”

“स्टोअरमध्ये. आम्लाच्या डब्यांमागे.”

त्या क्षणी दोनशेपटीने पंख दोनदा उघडमीट केले आणि उडाली. फार काही डौलदार नाही. जड कोट घातलेलं माणूस पळतं तशी. मॅडमनी खिडकी उघडली. ती खिडकीच्या गजावर बसली, आणि मग बागेतल्या झाडावर गेली.

मोठ्या साहेबांनी मानेला हात लावला. मग म्हणाले, “एका किड्यावर मी निर्णय फिरवत नाही, बाटलीबाई. उद्या सकाळी सात वाजता मला झरा दाखवा. थर्मामीटर मी माझा आणीन.”

आणला. साहेबांचा थर्मामीटरही अठराच म्हणाला. रबरी बूट घातलेली नऊ माणसं त्या मनगटाएवढ्या धारेभोवती ओणवी झाली आणि चौदा प्रकारचे किडे मोजले. साहेब स्वतः दोनदा घसरले. दुसऱ्यांदा त्यांनीही ताटली वर धरली, आणि हिने मला कोपर मारलं.

सगळंच काही गोडीगुलाबीने झालं नाही. कारखान्यामागच्या गल्लीतले लोक चिडले, त्यांना सिमेंट हवं होतं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. शेवटी गल्लीपुरती दोन्ही बाजूंनी भिंत बांधली, तळ मात्र उघडा ठेवला. कारखानदाराने टाकी बांधायला वर्ष लावलं. पण वरच्या उतारावर चर निघाले, आणि जुनी खाण पावसाचं पाणी धरू लागली. त्या वर्षी पाच दिवस आभाळ फाटलं तेव्हा खाण काठोकाठ भरली आणि गल्लीत पाणी घोट्याच्या वर आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात कोरड्या वाळूतून ओढ्याने डोकं वर काढलं, आणि दोनशेपट्या झऱ्यापासून सहाशे पावलं खाली सापडल्या. सहाशे पावलं मी स्वतः मोजली. कारखान्याजवळ अजून तांबड्यांचंच राज्य आहे, पण परवा तिथे एक बिऱ्हाडीण दिसली. कदाचित वाट चुकली असेल. ही म्हणते, नाही, जागा बघायला आली होती.

मॅडमनी हिच्या वह्या टाइप करून घेतल्या. खात्याच्या अहवालात किड्यांची शास्त्रीय नावं आहेत आणि कंसात बिऱ्हाडीण, तिशेपटी, दोनशेपटी. आता सातही ओढ्यांवर बाटलीबरोबर किडेही मोजतात, आणि मोजायला शिकवते ही. तिच्या वर्गात मॅडम आहेत, कारखान्यात कपडे धुणाऱ्या चार बायका आहेत, आणि एकदा तर मासेवालीही येऊन बसली. तिने ताटलीत बघून विचारलं, “यातला मोठा झाल्यावर खाण्याजोगा कोणता?” ही इतकी हसली की ताटली सांडली, आणि सगळ्या वर्गाला गुडघ्यांवर बसून किडे वेचावे लागले.

मागच्या महिन्यात ही निवृत्त झाली. मला वाटलं आता जरा निवांत. पहिल्याच सकाळी सहा वाजता तिने माझ्या पायावर थंडगार ताटली ठेवली.

“अहो, उठा. पलीकडच्या खोऱ्यात अकरा ओढे आहेत. एकही मोजलेला नाही.”

“अकरा?” मी म्हणालो.

“जाळ्या किती झाल्या शिवून?”

“चार.”

“मग बसा मशीनवर,” ही म्हणाली, आणि गुणगुणत थर्मास विसळायला गेली.